सातबाऱ्यावरचं नाव आणि खात्यावरचा हप्ता

नाशिक जिल्ह्यात शेतीचं सरकारी अनुदान कुणाला मिळतं, हे शोधायला निघालेल्या माणसाने पंधरा तालुके पालथे घालण्याआधी इंदिरानगरमध्ये एक चक्कर मारावी. वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या सोसायट्यांमध्ये बँकेतले, शाळेतले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले लोक राहतात. त्यांतल्या कितीतरी जणांची गावाकडे जमीन आहे. कुणाची निफाडला, कुणाची सिन्नरला, कुणाची कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याच्या कसमादे पट्ट्यात. ती भाऊ कसतो, चुलतभाऊ कसतो, नाहीतर वाट्याने दिलेली असते. सातबाऱ्यावरची नावं मात्र इथल्या फ्लॅटमध्ये राहतात. जॉगिंग ट्रॅकवर सकाळी ‘हप्ता पडला का?’ असं कुणीतरी कुणाला विचारतंच.

यात सगळे लबाड आहेत असं अजिबात नाही. बहुतेक जण नियमाप्रमाणेच चालतात, आणि खरी मेख नियमातच आहे. आपल्याकडे शेतीचं अनुदान शेतीकडे पाहून क्वचित दिलं जातं. ते नोंदीकडे पाहून दिलं जातं. सातबारा, आठ-अ, वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक, बँकेतलं कर्जखातं, बाजार समितीची विक्रीपट्टी. ज्याच्याकडे हे कागद, त्याच्याकडे पैसा. राबतं कोण, हा रकाना कोणत्याच अर्जात नाही.

सगळ्यांना माहीत असलेल्या योजनेपासून सुरुवात करू. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पंतप्रधान किसान सन्मान निधी जाहीर झाला: वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला तो दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होता, पण लोकसभेची निवडणूक संपताच ती मर्यादा उठवली गेली. राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी आणून तेवढीच भर घातली. त्याचा पहिला हप्ता त्या ऑक्टोबरमध्ये शिर्डीच्या कार्यक्रमात वाटला गेला. म्हणजे एका कुटुंबाला वर्षाला बारा हजार. जमीन १ फेब्रुवारी २०१९ ला नावावर असली पाहिजे. नंतर विकत घेतलेली चालत नाही, वारसाने आलेली चालते. शहराच्या हद्दीतली जमीनही चालते, फक्त ती प्रत्यक्ष कसली जात असली पाहिजे. वडाळा आणि पाथर्डी ही गावं १९८२ मध्ये महापालिकेत आली. तिथे इमारतींच्या मधे अजून एखादं मेथी-कोथिंबिरीचं वावर उरलं असेल, तर ते या नियमात बसतं.

कुणाला मिळणार नाही याची यादी जास्त बोलकी आहे. आजी-माजी मंत्री, आमदार, खासदार, महापौर. चतुर्थ श्रेणी सोडून सगळे सरकारी कर्मचारी. दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए. आणि आयकर भरणारे. इथेच घोळ आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळे पिंपळगाव बसवंतजवळ वीस एकर निर्यातीची द्राक्षबाग असलेल्या बागायतदाराला दुसरं काही उत्पन्न नसेल, तर तो आयकरदाता ठरत नाही आणि निधीला पात्र ठरतो. गावाकडे एकरभर कोरडवाहू जमीन असलेला आणि पगारातून कर कापून जाणारा अंबडचा सुपरवायझर अपात्र ठरतो. नियम करणाऱ्यांना श्रीमंत वगळायचे होते. वगळले गेले ते पगारदार.

आणि जे वगळायचे तेही आधी वगळले गेले नव्हतेच. माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार २०२० च्या जुलैपर्यंत देशभरात २० लाख ४८ हजार अपात्र लोकांच्या खात्यांत १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते, आणि महाराष्ट्र आघाडीच्या राज्यांत होता. मग वसुलीच्या नोटिसा निघाल्या, ई-केवायसी आली, आधार जोडणी आली. चाळणी बारीक होत गेली, पण चाळायचं काय, ते तेच राहिलं: जमिनीची नोंद.

शहरात राहूनही गावच्या सातबाऱ्यावरचं नाव कुणी सोडत नाही, त्याचं कारण हे बारा हजार नाहीत. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात सहजासहजी शेतजमीन विकत घेता येत नाही. एकदा नाव निघालं की दार बंद. म्हणून दहा गुंठे का होईना, नाव राखायचं. अनुदान हे त्यावरचं व्याज.

तरीही एक कबूल करायला हवं. साऱ्या योजनांमध्ये ही रोख रकमेची योजनाच त्यातल्या त्यात समतेची आहे. अर्ध्या एकरालाही तेवढेच, वीस एकरांनाही तेवढेच. खरी दरी दिसते ती हप्त्याच्या मेसेजमध्ये कधीच न उमटणाऱ्या अनुदानात.

वीज घ्या. २०२४ च्या जूनमध्ये अजित पवारांनी अर्थसंकल्पात मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांना पाच वर्षं फुकट वीज, आणि त्यासाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपये. साधा भागाकार केला तर एका पंपामागे वर्षाला सरासरी साडेतेहतीस हजार रुपये पडतात. हा पैसा शेतकऱ्याच्या हातात येत नाही, महावितरणकडे वळता होतो. म्हणून त्याला कुणी अनुदान म्हणत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत राज्यात एक कोटी त्रेपन्न लाखांच्या आसपास वहितीची खाती होती. एका खात्याला एकच पंप धरला, तरी दहातल्या सात खात्यांना यातला रुपयाही नाही. बारा हजारांच्या हप्त्यासाठी ई-केवायसी, अंगठा, तक्रार, तलाठ्याकडे खेटे. साडेतेहतीस हजारांसाठी फक्त विहीर आणि जोडणी हवी. जिल्ह्याच्या नकाशावर पंप कुठे दाटलेत हे सांगायला आकडेवारी लागत नाही: गोदावरी, कादवा आणि गिरणेच्या काठांना, कालव्यांच्या लाभक्षेत्रात. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात भरपूर पाऊस पडतो आणि उतारावरून वाहून जातो. तिथे उन्हाळ्यात हंड्याची रांग असते.

खताचं थोडक्यात. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा खर्च केंद्र उचलतं. दुकानात पॉस यंत्रावर अंगठा लागला की अनुदान कंपनीच्या खात्यात जातं. गोणी घेणाऱ्याची जमीन किती, हे कुणी विचारत नाही. जास्त पाणी, जास्त पीक, जास्त गोण्या, जास्त अनुदान.

ठिबकची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, आणि नाशिककरांना ती तोंडपाठ असते. केंद्राच्या योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याने आपल्या शाश्वत कृषी सिंचन योजनेतून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेलं. कागदावर लहान शेतकऱ्याला झुकतं माप आहे. पण पद्धत अशी, की महाडीबीटीवर अर्ज करायचा, निवड झाली की संच आधी स्वतःच्या पैशाने बसवायचा, बिलं अपलोड करायची, मोका तपासणी होऊ द्यायची आणि मग अनुदानाची वाट पाहायची. ती वाट महिन्यांची असते, कधी वर्ष ओलांडते. ज्याच्याकडे तोवर पैसे गुंतवून ठेवायची ताकद आहे किंवा ज्याला दुकानदार उधार देतो, तोच या रांगेत उभा राहू शकतो. कांदाचाळ, शेततळं, पॉलिहाऊस, ट्रॅक्टर, सगळीकडे हीच तऱ्हा. अनेक वर्षं निवड सोडतीने व्हायची. २०२५ पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ आलं. सोडतीत निदान नशीब तरी सगळ्यांचं सारखं होतं. आता ज्याच्या गावात नेट चालतं आणि ज्याचे कागद आधीपासून तयार असतात, तो पहिला.

द्राक्षाच्या बाबतीत तर अनुदान शेताबाहेरही पोचतं. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वाइनरीला परत देण्याची योजना त्याच परंपरेतली. मधे थांबलेली, नंतर पुन्हा सुरू झालेली. समर्थनाला कारण शेतकऱ्याचं दिलं जातं, आणि वाइनरीशी करार असलेल्या बागायतदाराला त्यातून बाजार मिळतो हे खरंच आहे. पण परतावा मिळतो कारखान्याला.

कांद्याचं अनुदान वेगळ्या जातीचं. ते नेहमीचं नसून, भाव पडून आरडाओरड झाल्यावर येतं. २०१८ च्या शेवटी नैताळ्याच्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले, तेव्हा देशाला निफाड तालुका कळला. त्या हंगामात क्विंटलला २०० रुपये अनुदान मिळालं. २०२३ मध्ये लाल कांदा कोसळला. शेतकरी दिंडोरीहून मुंबईकडे चालत निघाले, आणि सरकारने आधी ३००, मग ३५० रुपये क्विंटल जाहीर केले. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार समितीत विकलेला कांदा, शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त २०० क्विंटल. पूर्ण मिळालं तर सत्तर हजार, तेही हप्त्याहप्त्याने.

पण अट होती सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असण्याची. ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ मध्ये आलं होतं, सगळ्यांनी ते वापरलं नव्हतं. चांदवड-येवल्यात माळावर रेंज शोधत फिरणारे लोक आठवून पाहा. ओरड झाल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून खात्री करायचा मार्ग निघाला. त्या शासन निर्णयातली एक तरतूद या सगळ्या विषयाचं सार आहे: सातबारा वडिलांच्या नावे आणि विक्रीपट्टी मुलाच्या नावे असेल, तर सहमतीचं शपथपत्र द्यायचं आणि अनुदान ज्याच्या नावे सातबारा त्याच्या खात्यात. कांदा पिकवला मुलाने, ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावला नेला मुलाने, पडलेला भाव ऐकला मुलाने. अनुदानाचा मेसेज वडिलांच्या फोनवर. बाप-लेकात हे खपून जातं. मालक आणि वाटेकऱ्यात खपत नाही.

वाटेकरी हा या आढाव्यातला सर्वांत मोठा गैरहजर माणूस. निम्म्या वाट्याने, तिसऱ्या वाट्याने किंवा रोख खंडाने जमीन करणारी हजारो कुटुंबं जिल्ह्यात आहेत, आणि त्यांची नोंद जवळजवळ कुठेच नाही. कारण इतिहासात आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळांना कसत असलेल्या जमिनीचे मालक मानलं. फार मोठं काम होतं ते, त्याने गावंच्या गावं बदलली. पण तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात भीती बसली ती अजून गेलेली नाही: कागद केला तर जमीन जाईल. म्हणून सगळे व्यवहार तोंडी. ज्या कायद्याने एका पिढीच्या कसणाऱ्याला मालक केलं, त्याच्याच धसक्याने पुढच्या पिढीचा कसणारा अदृश्य झाला. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला. महाराष्ट्रात त्यावर फार काही हललं नाही. पीकविम्यात कुळाला जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकरारावर. असा करार करून देणारा मालक इंदिरानगरमध्ये तरी मला भेटलेला नाही. गारपीट झाली की पंचनामा मालकाच्या नावाचा होतो. २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळीने निफाडच्या बागा झोडपल्या तेव्हाही तसाच झाला. मालक भला असेल तर मदत निम्मी वाटून देतो. तसे भले लोक आहेत. पण योजना कुणाच्या भलेपणावर चालू नये.

पीकविम्याचं एक प्रकरण सांगून पुढे जातो. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एका रुपयात विमा सुरू झाला, हप्त्याची बाकी रक्कम सरकार भरणार. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये ठरले. मग अर्जांचा पूर आला: सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, लावलेल्याच नसलेल्या पिकांवर विमे निघाले. २०२५ च्या खरिपात ही योजना गुंडाळून पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्के, नगदी पिकांना पाच टक्के असा हिस्सा शेतकऱ्यावर आला. बोगस अर्ज दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर निघाले, बदनाम शेतकरी झाले.

कर्जमाफीत अट बदलते, तर्क तोच. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत पाच एकरांपर्यंतच्यांना संपूर्ण माफी आणि त्यावरच्यांना २५ टक्के सवलत होती. विदर्भातल्या सात-आठ एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं यात नुकसान झालं, हे तेव्हाच बोललं गेलं. नाशिक जिल्ह्याच्या आतही तेच होतं: नांदगावचा सात एकर बाजरी-मक्याचा शेतकरी ‘मोठा’ ठरला आणि चार एकर द्राक्षाचा ‘लहान’. महालेखापालांच्या २०१३ च्या अहवालातल्या नमुना तपासणीत लाभ दिलेल्या खात्यांपैकी साडेआठ टक्के अपात्र निघाले. वगळलेल्यांतले १३ टक्क्यांहून जास्त खरं तर पात्र होते. २०१७ मध्ये पुणतांब्याच्या शेतकरी संपानंतर दीड लाखांपर्यंतची माफी आली, २०१९ च्या डिसेंबरमध्ये दोन लाखांपर्यंतची. दोन्ही वेळा माफी मिळाली ती बँकेत कर्जखातं असलेल्यालाच. कृषी सेवा केंद्राची उधारी, सावकाराचं देणं, वाटेकऱ्याने मालकाकडून घेतलेली उचल, हे कर्ज कोणत्याच माफीला दिसत नाही. नाशिकची जिल्हा बँक थकबाकीखाली दबल्यावर तर नवं पीककर्ज मिळणंच अवघड झालं. खातं नाही तर पुढच्या माफीतही नाव नाही.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला निघाला, तो मुंबई-आग्रा महामार्गाने. इंदिरानगर त्याच महामार्गाला खेटून आहे. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते, आणि १२ मार्चला ते आझाद मैदानात पोचले तेव्हा त्यांच्या तळपायांचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. मागण्यांमध्ये कर्जमाफीही होती, पण या लोकांची खरी मागणी वेगळी होती: कसतो ती वनजमीन नावावर करा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनच्या ताब्याला चार हेक्टरपर्यंत हक्क दिला. प्रत्यक्षात अनेकांचे दावे फेटाळले गेले, अनेकांना कसत असलेल्या जमिनीपैकी एखाद्या तुकड्याचाच पट्टा मिळाला, आणि पट्टा मिळाला तरी सातबाऱ्याच्या मालकी रकान्यात वन विभाग, पट्टाधारक ‘इतर हक्कां’त. वनपट्टाधारक पीएम किसानला पात्र आहेत, हे नियमात स्पष्ट लिहिलं आहे. पट्ट्याच्या पलीकडचे मात्र कुठेच बसत नाहीत. हीच माणसं दरवर्षी छाटणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला येतात. अनुदानाच्या ठिबकवर, फुकट विजेवर, अनुदानाच्या खतावर वाढलेल्या बागेत त्यांचा हात असतो, नाव नसतं.

आणि बायका. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन याच जिल्ह्यात, चांदवडला झालं. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत संघटनेचे नेते शरद जोशींनी नवऱ्यांना सांगितलं, बायकोच्या नावे जमीन करा. काही हजारांनी ती केलीही. तेव्हा तो सन्मानाचा प्रश्न होता. आज तो थेट पैशाचाही आहे. त्यात नवी मेख अशी, की पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून महिन्याला हजार रुपये पडणाऱ्या बाईला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार नाही, पाचशेच मिळतात. जमीन नावावर असल्याची ही किंमत.

खुद्द शरद जोशींना हा सगळा आढावा बहुधा बिनकामाचा वाटला असता. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात, खेरवाडीच्या रुळांवर गोळ्या झेलणाऱ्या शेतकऱ्यांपुढे त्यांनी मांडलेलं गणित साधं होतं: सरकार एका हाताने देतं त्याच्या कितीतरी पट दुसऱ्या हाताने काढून घेतं. २०१८ च्या ओईसीडी-इक्रिअर अहवालाने ते आकड्यात मांडलं. २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के होता. कांद्यापुरतं बघा: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क कायम, आणि ते पूर्ण गेलं एप्रिल २०२५ मध्ये. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. निर्यातबंदीचा फटका कांदा पिकवणाऱ्या वाटेकऱ्यालाही तितकाच बसतो. ३५० रुपयांची भरपाई मात्र सातबाऱ्यावाल्याला. उणे सगळ्यांचं, अधिक काहींचं.

अमेरिकेत एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था १९९५ पासूनच्या शेती-अनुदानाची जिल्हावार यादी नावांसकट लोकांपुढे ठेवते, आणि तीत वरच्या दहा टक्क्यांकडे तीन चतुर्थांशांहून जास्त पैसा गेलेला दिसतो. युरोपातल्या नावांच्या यादीला २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने खासगीपणाच्या कारणाने अडवलं. पुढे लहान रकमावाल्यांची नावं झाकून ती पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे पीएम किसानची गावनिहाय यादी कुणालाही पाहता येते. पण ठिबक कृषी विभागाकडे, नुकसानभरपाई महसूलकडे, वीज महावितरणकडे, माफी बँकेकडे, विमा कंपनीकडे. एका कुटुंबाला सगळं मिळून किती गेलं, याची बेरीज कुठेच नाही.

डिसेंबर २०२४ पासून राज्यात ॲग्रिस्टॅकचे शेतकरी ओळख क्रमांक द्यायला सुरुवात झाली, आणि १५ एप्रिल २०२५ पासून ते कृषी योजनांना सक्तीचे झाले. पाया अर्थातच जमिनीची नोंद. वाटेकरी पुन्हा बाहेर. पण या क्रमांकाखाली पाचही वह्या एकत्र येऊ शकतात. कुणाचंही नाव न छापता तालुक्यानुसार, जमिनीच्या आकारानुसार आणि लाभार्थ्याच्या राहत्या पत्त्यानुसार बेरीज काढता येईल: निफाडला किती, सुरगाण्याला किती, आणि नाशिक महापालिकेच्या हद्दीतल्या पत्त्यांवर किती. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागता आपणहून प्रसिद्ध करण्याचं बंधन २००५ पासून आहे.